दुरुस्तीच जेव्हा दोष वाढविते

व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या काठी, कोळ्यांच्या वस्त्यांत, हंटिंग्टनचा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. ऐन तिशी-चाळिशीत हातपाय अनावर हलू लागतात, बुद्धी क्षीण होत जाते आणि काही वर्षांनी मृत्यू ओढवतो. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्याच्या वाट्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो.

आईला याच रोगाने गमावलेल्या अमेरिकी संशोधिका नॅन्सी वेक्सलर १९७९ मध्ये तेथे पोहोचल्या. पुढे या कोळ्यांनी दिलेल्या रक्ताच्या मोठ्या आधारावर १९८३ मध्ये रोगाची खूण चौथ्या गुणसूत्रावर सापडली. १९९३ मध्ये जनुकही हाती आले. त्यात तीन अक्षरांचा एक शब्द पुनःपुन्हा येतो. ही आवृत्ती ४० वा त्याहून अधिक असली, की रोग जवळजवळ अटळ.

परंतु समान आवृत्ती असलेल्या दोघांपैकी एकास रोग लवकर गाठतो, दुसऱ्यास कितीतरी वर्षे उशिरा. असे का? या प्रश्नाचे उत्तर २०१५ पासून डीएनएच्या दुरुस्तीत सापडू लागले. पेशीत ही डागडुजी अहोरात्र चालते. फॅन-१ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारे प्रथिन, आवृत्तीच्या वाढीस आवर घालते. उलट एमएसएच-३ हे प्रथिन आवृत्तीत पडलेला फुगवटा हेरते खरे. पण पुढील दुरुस्तीत अक्षरे कमी न होता वाढतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मेंदूतील विशिष्ट पेशींत ही आवृत्ती दशकानुदशके संथपणे वाढते आणि १५० च्या पलीकडे गेल्यावर पेशीचा घात करते.

याचा अर्थ असा, की जन्मजात दोष पुसता आला नाही तरी त्याची वाढ रोखता येण्याची आशा आहे. एमएसएच-३ ला लगाम घालण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत. अर्थात दुरुस्तीची यंत्रणा कर्करोगापासूनही रक्षण करीत असल्याने तेथे सावधगिरी हवीच.

येथेच विज्ञानाचा प्रश्न अर्थकारणाचा होतो. औषध निघाले, तर त्याच्या किमतीत प्रयोगशाळेचा खर्च व भांडवलदाराचा नफा धरला जाईल. कोळ्यांच्या रक्ताची किंमत मात्र कोणत्याही हिशेबवहीत नसेल. ज्यांच्या ठेवीवर ही पेढी उभी राहिली, त्यांनाच दारात ताटकळत ठेवणे न्यायाचे नव्हे. त्यांचा वाटा औषध बाजारात येण्यापूर्वीच ठरला पाहिजे. नंतर उरते ती केवळ दया.