जिन्याखालचं सोलर

सोलर बसवायचं म्हटलं की लोक मला थेट गच्चीवर नेतात. मी म्हणतो, आधी मेन स्विच दाखवा. मग शोधाशोध सुरू होते. साताऱ्यातल्या जुन्या घरांत तो बहुधा जिन्याखाली, चपलांच्या रॅकमागे सापडतो. लाकडी फळी, तिच्यावर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, त्यांत फ्यूजवायरऐवजी पिळून घातलेली तांब्याची जाड तार आणि वर कोळिष्टकं. गच्चीवर सहा पॅनेलं मांडणं फारसं अवघड नाही. काम चांगलं की वाईट, ते या फळीवर ठरतं.

मी परवानाधारक इलेक्ट्रिक ठेकेदार. आयटीआयला वीजतंत्री शिकलो, हाताखाली चार पोरं आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि माझा फोन वाजायचा थांबेना. त्याच वर्षी दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतूनही सूट मिळाली. कागद हलका झाला, चांगलंच झालं. त्याने घरातलं वायरिंग मात्र नवं झालं नाही.

शाहूपुरीतल्या एका निवृत्त गणिताच्या शिक्षिकेच्या घरचं काम सांगतो. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. मला त्यांनी शिकवलेलं नाही, तरी मला अरे-तुरेच करतात. त्यांचा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच होता. "लाइट गेली की तुझं सोलरही बंद पडतं म्हणे. मग वर ऊन कशाला तापतंय?"

ग्रिडला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर महावितरणच्या विजेची लय पकडून चालतो. २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तनं. लय सुटली की दोन सेकंदांच्या आत त्याने वीज देणं थांबवलं पाहिजे, असं मानक आहे. कारण लाइन बंद केली म्हणून निर्धास्तपणे खांबावर चढलेला माणूस. ट्रान्सफॉर्मरला उलटं-सुलटं कळत नाही. ११,००० व्होल्टचे ४१५ करणाऱ्या यंत्राला खालून ४१५ दिले, तर ते वर ११,००० करून ठेवतं. हे ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "मग पडू दे बंद."

पण त्यांच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला बॅटरीचा इन्व्हर्टर होता, आणि खरा घोळ इथे होतो. लाइट गेल्यावर तो दोन पंखे, चार दिवे चालवतो. सोलरची जोडणी घाईत त्याच वायरीवर पडली असेल, तर सोलरच्या इन्व्हर्टरला वाटतं की ग्रिड परत आलं. तेही तेच २३० व्होल्ट, तीच ५० आवर्तनं. मग तो बारा वाजताच्या उन्हातली सगळी वीज त्या बिचाऱ्या बॅटरीवाल्यात ढकलू लागतो. वीज द्यायला बनवलेल्या यंत्राच्या तोंडातच वीज शिरते, आणि आतली सर्किटं जळतात. म्हणून सोलर नेहमी बॅटरीच्या इन्व्हर्टरच्या अलीकडे, ग्रिडच्या बाजूला जोडायचं. सोसायट्यांत हाच प्रश्न जनरेटरशी येतो. तिथे चेंजओव्हर जनरेटरवर गेला की सोलर आपोआप तुटलं पाहिजे, किंवा उलटी वीज रोखणारी व्यवस्था हवी. कमिटीच्या बैठकीत हे सांगितलं की रंगकामाचा विषय निघतो.

बाईंना सगळ्यात आवडला तो बेरजेचा भाग. घराला वीज एकाच बाजूने येते, हे धरून आपलं वायरिंग झालेलं असतं. मेनचा एमसीबी ३२ अँपिअरचा. त्याच्यापुढची पट्टी आणि वायर तेवढंच सोसणारी. जास्त ओढलं की एमसीबी पडतो. आता तीन किलोवॅटचं सोलर आलं. ३००० भागिले २३०, म्हणजे साधारण १३ अँपिअर. ते कुणी एमसीबीच्या पुढे, घराच्या बाजूने त्याच पट्टीला जोडलं. गीझर, एसी, इस्त्री सगळं चालू. ग्रिडकडून ३२ येतात, सोलरकडून १३.

"पंचेचाळीस," बाई म्हणाल्या. "आणि तुझा एमसीबी?"

तो शांत. त्याच्यातून ३२च जातायत. सोलरचा एमसीबीही शांत, त्याच्यातून १३. दोन्ही पहारेकरी जागे असून पट्टी मात्र तापते, आणि तापलेल्या पट्टीचा वास येईपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून मी सोलरची वायर मीटर आणि मेन एमसीबी यांच्या मधे जोडतो. मग वीज कुठूनही येवो, घरात शिरताना ती त्या ३२ च्या दारातूनच जाते.

तिथे सोलरच्या वायरीला स्वतःचा एमसीबी लागतो, आणि तो खाली, जोडाजवळ. बरेच जण एकच एमसीबी वर इन्व्हर्टरपाशी लावून मोकळे होतात. पण वायर मधेच कुठे शॉर्ट झाली, तर मोठा करंट वरून येतच नाही. इन्व्हर्टर आपल्या क्षमतेहून थोडासाच जास्त देऊ शकतो. मोठा करंट खालून, ग्रिडकडून उसळून येतो. वरचा एमसीबी त्याच्या वाटेतच नाही.

वायरीच्या जाडीवरून घासाघीस होते. जिन्यापासून गच्चीपर्यंत २५ मीटर धरले, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन पाचेक व्होल्ट खर्ची पडतात. वीज वरून खाली ढकलायची, तर इन्व्हर्टरला तेवढा दाब चढवावा लागतो. दुपारी गल्लीत व्होल्टेज आधीच चढलेलं असतं, त्यात ही भर, आणि इन्व्हर्टर ऐन उन्हात बंद पडतो. लोक मग पॅनेलच्या कंपनीला शिव्या घालतात. सहा चौरस मिलिमीटर वापरली तर तोच आकडा दोनवर येतो. लोक मग पॅनेलच्या कंपनीला शिव्या घालतात.

गच्चीवरची वीज वेगळ्या जातीची. बाईंची सहा पॅनेलं, प्रत्येकी ५४० वॅट. एकामागे एक जोडली की मोकळ्या टोकांवर जवळपास ३०० व्होल्ट डीसी. घरातली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटली की तिची ज्योत होते, आणि ती प्लास्टिक, पत्रा काही बघत नाही. डीसीला डीसीचाच एमसीबी लागतो, आणि त्यातल्या अनेकांवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. उलटा लावलेलाही रोज वापरताना व्यवस्थितच वाटतो; भरल्या करंटला पाडायची वेळ येते तेव्हा आतल्या आत पेटतो. पॅनेलच्या वायरींचे एमसीफोर कनेक्टर दोन वेगळ्या मेकचे एकमेकांत बसतात. 'बसतं की' म्हणून बसवू नयेत. आतला स्पर्श कच्चा राहतो, तापतो.

अर्थिंगचे तीन खड्डे सगळे दाखवतात. मी पॅनेलच्या चौकटीचा नट बघतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर मुलामा असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. दातेरी वॉशरने तो खरवडला नसेल, तर खाली कितीही खोल खड्डा घ्या, चौकट अधांतरीच. लायटनिंग अरेस्टरची पट्टी मी दुसऱ्या कोपऱ्यातून सरळ खाली आणतो, वायरींच्या सोबतीने नाही.

काम झाल्यावर बोर्डाच्या दारावर आतून आकृती चिकटवली. बंद करताना आधी एसी, मग डीसी. आणि ठळक अक्षरांत, इथे वीज दोन्ही बाजूंनी येते. उद्या गीझर दुरुस्त करायला येणाऱ्या वायरमनला एरवी कोण सांगणार? त्याच्याखाली अजून एक ओळ आहे. दोन्ही स्विच बंद केले, तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर उजेड असेपर्यंत जिवंतच राहते. म्हणून त्या वायरीचा पाइप मी घराबाहेरच्या भिंतीवरून आणला आणि त्यावर लाल पट्टी मारली.

बाईंची कपड्याची दोरी नेमकी त्याच भिंतीला होती. तिच्यासाठी मला पलीकडच्या भिंतीत नवा हुक ठोकून द्यावा लागला. त्याचे पैसे बिलात धरलेले नाहीत.