जुडीतल्या सुया मोजा

शिराळ्याच्या मुलांना एक गोष्ट लहानपणीच कळते. घोणस वेगळी आणि डुरक्या घोणस वेगळा. लांबून पाहिलं तर दोन्ही साप जाडजूड, दोन्ही तपकिरी, दोघांच्याही अंगावर नक्षी. पण घोणशीच्या पाठीवर गोल ठिपक्यांच्या सरळ ओळी असतात आणि ती अतिशय विषारी असते. डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग, शेपूट आखूड आणि विष अजिबात नाही. नागपंचमीचं गाव हे! इथं साप लांबूनच बघायचा, पण नेमकी खूण हेरून बघायचा, हे मोठ्यांच्या बोलण्यातून आपोआप कानावर पडत राहतं.

हीच नजर आज आपण झाडांकडे वळवू. झाडाच्या तर अगदी जवळ जाता येतं, पानाला हातही लावता येतो. आणि झाडांमध्येही एक असं आहे की त्याच्या नावावर भलतीच झाडं खपतात. ते म्हणजे पाइन. हिंदीत चीड. सिनेमातल्या काश्मीरमध्ये दिसतं ते, सुयांसारख्या पानांचं.

शिराळ्यात पाइन नाही. इथून वारणेच्या खोऱ्यात वर चांदोलीच्या जंगलात गेलात तर जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडं भेटतील. पाइन शोधून सापडायचा नाही. सह्याद्रीत तो आपणहून उगवतच नाही. तरीसुद्धा "ते बघ पाइनचं झाड" असं म्हणत कुणीतरी बोट दाखवतं. ते बोट बहुतेक वेळा तीन झाडांपैकी एकाकडे असतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो सुरू. शाळेची सहल कोकणात गेली असेल तर दिवेआगरसारख्या किनाऱ्यावर तुम्ही सुरूच्या बनात डबा खाल्ला असेल. आपल्याकडेही एखाद्या आवाराच्या कडेला सुरूची रांग उभी असते. उंच, शेंडा निमुळता, हिरव्या सुयांचे झुबके आणि खाली पडलेली छोटी खरखरीत बोंडं. कुणीही पाइनच म्हणेल.

आता त्यातली एक हिरवी सुई घ्या आणि उजेडासमोर धरा. सुईवर थोड्या थोड्या अंतरावर बारीक रेघा दिसतील. दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. टच्! सुई बरोबर त्या रेघेवर सुटते, कारण तिथं सांधा असतो. आता भिंग आणा. सांध्याभोवती सहा ते आठ इवलेसे दात गोलाकार बसलेले दिसतील. तीच सुरूची खरी पानं! ज्याला आपण सुई म्हणत होतो ती हिरवी काडी म्हणजे सुरूची बारीक फांदी. पानं इतकी लहान झाली आहेत की उन्हातून अन्न तयार करायचं पानांचं काम आता फांदीच करते. समुद्रकाठची तापलेली वाळू आणि खारा वारा यांच्यात उभं राहायचं तर पाणी जपून वापरावं लागतं. मोठ्या पानांतून पाणी भराभर उडून गेलं असतं.

एवढ्यावर संपत नाही. सुरूला फुलं येतात. फार बारीक असतात, म्हणून लक्षात येत नाहीत. मादीफुलांचे तांबडे गोंडे फांदीला चिकटून असतात आणि त्यांचीच पुढं बोंडं होतात. पाइनला मात्र फूल कधीच येत नाही. म्हणजे दिसायला पाइनचा जुळा भाऊ वाटणारा सुरू नात्यानं आपल्या आंब्याला, चिंचेला जास्त जवळ आहे! मला ही गोष्ट झाडांच्या साऱ्या गोष्टींमध्ये फार आवडते.

सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कारवारजवळ १८६८ च्या सुमारास त्याची लागवड झाली ती आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना जळण हवं होतं म्हणून. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींमध्ये राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. म्हणून नुसत्या वाळूतही तो तरारून वाढतो.

दुसरं झाड म्हणजे बंगल्यापुढं लावलेलं 'ख्रिसमस ट्री'. खोड सरळसोट, त्याभोवती फांद्यांचे मजले. नर्सरीत त्याला नॉरफोक पाइन म्हणतात, पण आपल्याकडं त्या नावानं वाढणारी बरीच झाडं असतात कुक पाइन. नावात पाइन आहे खरं, पण पाइनच्या कुळाशी त्याचा संबंध फार लांबचा. त्याचं कूळ ॲरोकेरिया, आणि घर प्रशांत महासागरातलं न्यू कॅलेडोनिया बेट. त्याच्या फांदीवरून बोट फिरवा. छोटी टोकदार पानं फांदीला सगळीकडून वेढून बसलेली असतात. पानांची जुडी कुठंच नाही. ही जुडी लक्षात ठेवा, पुढं तिचं मोठं काम आहे.

या कुक पाइनची एक नवलाई आहे. तो झुकतो, आणि कुठंही लावला तरी विषुववृत्ताच्या दिशेनंच झुकतो! शास्त्रज्ञांनी पाच खंडांतली २५६ झाडं मोजली आणि २०१७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. झाडं सरासरी साडेआठ अंशांनी कललेली निघाली. उत्तर गोलार्धातली दक्षिणेकडं, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडं, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब तितका कल जास्त. शिराळा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १७ अंशांवर आहे. मग तुमच्या ओळखीचं झाड कुठं कललं असेल? मोबाइलमधलं होकायंत्र काढा आणि बघा. एका झाडावर विसंबू नका, पाच-सहा तरी बघा. भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टाळून वाकलेली झाडं मोजू नका.

तिसरं झाड तर तुमच्या पुस्तकात असेल! विद्या येते म्हणून पानांत जपून ठेवतात ती मोरपंखी. हिला पाइन म्हणणारे त्या दोघांपेक्षा कमी, पण गंमत अशी की या तिघांत पाइनसारखं खरंखुरं सूचिपर्णी, म्हणजे फुलांऐवजी शंकू धरणारं, झाड शोधायचं तर सुरू बाद होतो आणि मोरपंखी पास होते. तिलाही फूल येत नाही. तिच्या चपट्या पंख्यावर बारीक खवल्यांची पानं एकावर एक बसलेली असतात आणि निळसर हिरवे, आकडे असलेले छोटे शंकू लागतात. ते वाळले की तपकिरी होऊन उकलतात. ही मूळची चीनकडची.

आता खरा पाइन. शिराळ्यात बसून तो हातात कसा यायचा? येतो की! सांगली-साताऱ्यातली कितीतरी माणसं फौजेत आहेत. विटा-खानापूरकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. कुणाचा काका जम्मूला, कुणाचा मामा डेहराडूनला. सुट्टीवर येताना ही मंडळी पाइनचा एखादा शंकू आणतात आणि तो शोकेसमध्ये जाऊन बसतो. तुम्ही त्यांना एक जादा गोष्ट मागा: सुयांची जुडी.

कारण पाइनची सुई एकेकटी फांदीला चिकटत नाही. दोन, तीन किंवा पाच सुया तळाशी एकत्र बांधलेल्या असतात. (फक्त एक सुई असलेला पाइनही अमेरिकेत आहे, पण तो अपवादच.) जगात पाइनच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्या ओळखायची पहिली पायरी म्हणजे जुडीतल्या सुया मोजणं. एवढी साधी!

आणि आत अजून एक नवल आहे. भाकरीचे सारखे पाच तुकडे केले आणि पुन्हा जुळवले तर अख्खी गोल भाकरी होते ना? पाच सुयांची जुडी नीट मिटवली की तसाच एक गोल दांडा होतो, कारण आडवी कापली तर प्रत्येक सुई त्या गोलाचा पाचवा हिस्सा असते. जुडीत तीन सुया असतील तर प्रत्येक सुई एकतृतीयांश आणि दोन असतील तर अर्धगोल. म्हणून जुडीतून सुटलेली एकच सुई मिळाली तरी तिचं टोक कापून भिंगाखाली धरा. तिला किती भावंडं होती ते कळतं.

आता हिमालयात जाऊ. काका जम्मूच्या किंवा उत्तराखंडच्या बुटक्या डोंगरांत असेल, तर बहुतेक चीड आणेल. तीन सुया, आणि लांबी किती? २० ते ३० सेंटिमीटर, तुमच्या फूटपट्टीएवढी. तळाशी कागदासारखा पातळ पापुद्रा गुंडाळलेला असतो. शंकू जड, खवले जाड आणि टोकं मागं वळलेली. त्याहून उंच, थंड भागात कैल भेटतो. जुडीत पाच सुया, नाजूक, निळसर झाक असलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या. त्याचा शंकूही लांबुळका, लोंबता आणि डिंकानं चिकट. किन्नौरकडं चिलगोजा आहे. सुया तीनच, पण आखूड आणि ताठ. खोडाची साल पापुद्र्यांनी गळते, म्हणून खोड चट्ट्याचट्ट्यांचं दिसतं. सुक्या मेव्यात चिलगोजे मिळतात ना, त्या याच्याच बिया. मेघालयात शिलाँगच्या आसपास खासी पाइन आहे, त्यालाही तीन सुया. चिडीपेक्षा बारीक आणि आखूड.

देवदार? तो पाइनच्याच कुळातला, पण पाइन नाही. त्याच्या आखूड, टोचऱ्या सुया छोट्या खुंटीवर वीस-तीसच्या घोसानं येतात. त्याचा शंकू फांदीवर ताठ बसतो आणि झाडावरच सुटा होऊन खवला खवला गळतो. म्हणून देवदाराचा अख्खा शंकू क्वचितच घरी येतो. येतो तो शंकूचा शेंडा, 'लाकडी गुलाब' म्हणून विकला जाणारा.

शोकेसमधला चिडीचा शंकू मात्र आईला विचारून खाली काढा आणि बादलीभर पाण्यात टाका. तासाभरानं बघा, पसरलेले खवले मिटू लागलेले असतील. बाहेर काढून उन्हात ठेवा, पुन्हा उघडतील. शंकू मेलेला आहे, वाळलेला आहे, झाडापासून तुटून कितीतरी वर्षं झालेली असतील. तरी हे चालतं. प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. पाणी शोषल्यावर बाहेरचा थर जास्त लांब होतो, आतला कमी, आणि खवला आत वळतो. वाळला की उलट. झाडाला याचा उपयोग असा, की पंख असलेलं बी कोरड्या, वाऱ्याच्या दिवशीच बाहेर पडतं आणि दूर जातं. पावसात बाहेर पडलं असतं तर भिजून झाडाखालीच राहिलं असतं.

तेव्हा काकाला फोन कराल तेव्हा नीट सांगा. सुया झाडावरून तोडायच्या नाहीत, खाली हवा तेवढा सडा पडलेला असतो. जुडी तळापासून अख्खी उचलायची, सुया सुट्या होऊ द्यायच्या नाहीत. वहीत दाबून आणायची आणि सोबत चिठ्ठीवर लिहायचं: गाव कोणतं, समुद्रसपाटीपासून उंची किती, आणि शंकू त्याच झाडाखालचा आहे की दुसऱ्या.