राजसूयातले फासे आणि धुळ्याचे कॉम्रेड

राजसूय यज्ञात एक विलक्षण विधी आहे. राजा होऊ घातलेला माणूस राज्यातल्या मानकऱ्यांच्या घरोघर जाऊन आहुती देतो. त्यातलं एक घर टाकलेल्या राणीचं. तिथे काळ्या तांदळाची आहुती, आणि देवता निर्ऋती, जिने दूरच राहावं म्हणून वेदांत विनवण्या आहेत. पुढे याच यज्ञात राजा फासे खेळतो. राज्याभिषेकासारख्या मंगल प्रसंगी टाकलेली बायको, अशुभ देवी आणि द्यूत कशाला?

हा प्रश्न धसाला लावला धुळ्याच्या एका कामगार पुढाऱ्याने. कॉम्रेड शरद पाटील, चाहत्यांचे ‘शपा’. जन्म 1925, धुळे. मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले आणि शिक्षण अर्धवट टाकून कम्युनिस्ट पक्षात उतरले. मग धुळ्यात कामगार संघटना, शेतकरी, आणि साक्री-नवापूर पट्ट्यातले जमिनीसाठी लढणारे आदिवासी. मूळ ग्रंथ स्वतः वाचायचे म्हणून हा माणूस पाणिनीचं व्याकरण शिकला! मोर्चे आणि अष्टाध्यायी एकाच आयुष्यात मावले, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यांचं उत्तर असं: निर्ऋती ही मुळात शेतीचा शोध लावणाऱ्या स्त्रियांच्या गणराज्याची देवी. गणाची जमीन सामायिक होती आणि फासे टाकून ती सर्वांत समान वाटली जाई. फासे हे वाटपाचं साधन होतं. पुरुषसत्ता आली, देवी अशुभ ठरली, वाटपाचा जुगार झाला. विधी मात्र खूण म्हणून उरला. वाटणी कुठे बिघडली, हे शपांनी तीन हजार वर्षं मागे जाऊन शोधलं. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ या ग्रंथात ही सारी मांडणी आहे.

पक्षाशी त्यांचं बिनसलं तेही वाटणीवरूनच. वर्ग हा पाया आणि जात हा वरचा इमला, असं पक्ष मानायचा. शपा विचारायचे, जमीन कोणाची आणि मेलेलं ढोर कोणी ओढायचं हे जातच ठरवत असेल, तर ती पायाबाहेर कशी? त्यांच्या मते इथे आधी वर्ण-दास समाज होता, मग जाती-सामंती समाज. वर्ग जन्मले ते इंग्रजांच्या भांडवलशाहीत, आणि तेव्हाही जात गेली नाही. म्हणून लढा दुहेरी. 1978 साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्सशेजारी फुले-आंबेडकरांना बसवलं. डावे रागावले, संशोधकांनी त्यांच्या व्युत्पत्तींवर हरकती घेतल्या. काही व्युत्पत्ती मलाही ओढून आणल्यासारख्या वाटतात. पण प्रश्न अस्सल होता, आणि तो भिल्लांच्या पाड्यांवर तापलेला होता.

शेवटी ते बौद्ध तर्कशास्त्राकडे वळले. दिङ्नाग, धर्मकीर्ती. जमीन वाटली, कायदे बदलले, तरी मनातली जात का जात नाही? कारण ती जाणिवेत नसून नेणिवेत बसलेली असते, असं त्यांचं म्हणणं. 2014 साली ते गेले, तोवर धुळ्यात बसून याच नेणिवेवर लिहीत राहिले.