डॉ. जनार्दन वाघमारे : अभ्यास आणि सलोखा

'सलोखा' हा शब्द मराठवाड्यातील दलिताला संशयास्पद वाटतो, आणि त्याला तसे वाटण्यास कारण आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. पुढे शांततेचा उपदेश झाला तो बहुतेक दलितांनाच : नावाचा हट्ट सोडा!

त्याच दशकात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातले इंग्रजीचे एक प्राध्यापक, डॉ. जनार्दन वाघमारे, 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत सिद्ध करीत होते. दलित पँथरने १९७२ साली नाव अमेरिकेतून घेतले होते. त्या नावामागचा गुलामगिरीचा इतिहास आणि तिथले वाङ्मय ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे काम अशा अभ्यासाने केले. अहमदपूरला शिकवताना मला त्याचा उपयोग कळला. रंगभेद ही दूरची गोष्ट असल्यामुळे सवर्ण विद्यार्थीही तिचा निःसंकोच धिक्कार करतो. मग विचारावे, तिथे कातडी दिसते, इथे काय पाहता? वर्ग गप्प होतो. इथे आडनाव विचारतात. (वाघमारे हे आडनाव अनेक जातींत असल्याने विचारणाऱ्याची पंचाईत होते, हे वेगळे.) मला हे खरे सलोख्याचे काम वाटते, कारण त्यात पीडिताला गप्प बसवलेले नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तणाव नसलेली शांतता आणि न्याय असलेली शांतता यांत जो भेद केला, तो इथे जसाच्या तसा लागू पडतो.

नांदेडला २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी तोडगा निघाला, नामांतराऐवजी नामविस्तार. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले. पेटलेल्या प्रदेशात विद्यापीठ उभारायला अभ्यासक नेमला गेला, ही निवड मला योग्य वाटते. तोडगा मात्र मला अपुरा वाटतो. स्वामीजींच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु पोचिराम आणि गौतम ज्या जिल्ह्यात गेले तो नांदेड, आणि त्याबरोबर आमचे अहमदपूर, नव्या विद्यापीठाच्या कक्षेत गेले. तेथून पदवी घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचे नाव नसते.