लक्ष्मीबाई टिळकांचा संसार
‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला त्या शिकल्या लग्नानंतर. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी गोळा करत होता, त्या निमित्ताने त्यांनी लेखणी हातात घेतली. पुस्तक मात्र नवऱ्याचे चरित्र राहिले नाही. ते एका संसाराचे चरित्र झाले.

लक्ष्मीबाई (जन्म 1868) नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात येणारे मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, संतापी, उदार आणि व्यवहाराला शून्य. घरात पैसा टिकत नसे, टिळक एका गावात टिकत नसत. आधीची अपत्ये लहानपणीच गेली, दत्तू, म्हणजे देवदत्त, जगला.

1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना बायबल दिले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला न सांगता. पुढची जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई माहेरच्यांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी दत्तूला घेऊन राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी ही अवस्था. 1866 च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला येत नसेल तर, विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रे लिहिली, वाट पाहिली.

अखेर लक्ष्मीबाई टिळकांकडे अहमदनगरला आल्या, पण स्वयंपाक आणि शिवाशीव वेगळी ठेवूनच. त्यांचे मन पालटले ते प्रवचनांनी नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 चा. ख्रिस्ती होण्याआधी त्यांनी सोवळे सोडले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

यानंतर घर जे भरले ते रक्ताच्या नात्याने नव्हे. दुष्काळात पोरकी झालेली मुले, शिकायला आलेले विद्यार्थी, आजारी, आश्रित, बालकवी ठोंबऱ्यांसारखा पोरगेला कवी, सगळे टिळकांच्या पंगतीला. माणसे टिळक आणत. पीठ पुरते का, हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. नगरला प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या सेवेलाही गेल्या. एवढ्या ओढाताणीच्या आठवणींत किरकिर जवळजवळ नाही. नवऱ्याचा विक्षिप्तपणा त्या हसत-हसत मांडतात आणि स्वतःचीही तितकीच फिरकी घेतात. धर्मांतरित घरांच्या आठवणींना बहुधा प्रचाराचा वास येतो. इथे तो नाही, कारण लेखिकेला कोणाला पटवायचेच नाही.

टिळक 9 मे 1919 रोजी वारले. लक्ष्मीबाई पुढे काही काळ कराचीत मुलाकडे राहिल्या. टिळकांनी 1909 मध्ये सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य पहिल्या दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. त्याचे पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. 24 फेब्रुवारी 1936 ला नाशिकला त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर, 1938 मध्ये छापले गेले.