बेटावरची रात्र आणि साखरेचा डबा

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, आम्ही मित्र-मित्र एक रात्र अर्नाळ्याच्या बेटावर राहायला चाललोय. काही गोळ्या द्या ना बरोबर." तापाच्या, जुलाबाच्या, उलटीच्या गोळ्या मी देतो आणि विचारतो, "त्या दिवशी तिथी कोणती?" समोरचा हसतो. डॉक्टर पंचांग कधीपासून पाहू लागले, असे त्याला वाटते. त्याचेच उत्तर आज देतो.

१४ जानेवारी २०१७, संक्रांतीचा दिवस. आम्ही पाच वर्गमित्र, सगळे पन्नाशीच्या आसपासचे, दुपारी एकच्या सुमारास भरतीच्या पाण्यावर होडीने बेटावर उतरलो. वैतरणेच्या मुखाशी असलेले हे बेट किनाऱ्यावरून अगदी हाकेच्या अंतरावर वाटते. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला तिथे आहे आणि त्याच्या आसऱ्याला कोळ्यांची वस्ती. ओळखीच्या एका कोळी कुटुंबाच्या अंगणात आम्ही तंबू ठोकला. 'एका रात्रीचा तर प्रश्न,' म्हणून मी माझी बॅग घरीच ठेवली होती. ही चूक माझी.

दुपारभर तटाभोवती भटकलो, पुळणीवर मुलांसारखे खेळलो. आमच्यातल्या एका शिक्षक मित्राला मधुमेह. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची गोळी त्याने शिस्तीने सात वाजता घेतली. जेवण मात्र गप्पांत लांबले. सव्वाआठला तो उगाच एकावर खेकसला. मग असंबद्ध बोलू लागला. "याला बेटाची हवा चढली!" म्हणून सगळे हसले. मीही हसलो. सहज त्याचा हात धरला, तर थंडीच्या दिवसांत तो घामाने चिंब आणि बोटे थरथरत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याची साखर उतरली होती.

साखर तपासायचे यंत्र घरी, बॅगेत. होडी काढायला सांगितली, तर घरधनी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ओहोटी आहे. होडी वाळूत बसलीय. अकराच्या आत निघायची नाही." समोर किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते आणि आमच्या हातात काही नव्हते.

काही नव्हते असे तरी कसे म्हणू? चहासाठी आणलेला साखरेचा डबा होता. तीन चमचे साखर पेलाभर पाण्यात विरघळवून त्याला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढीच. अर्ध्या तासाने तो विचारतो, "सगळे असे काय बघताय माझ्याकडे?" लगेच त्याला तांदळाची भाकरी आणि कालवण खायला घातले. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून पाणी चढताच त्याला विरारला आणून सकाळपर्यंत रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले.

वाचकहो, यातून घ्यायचे ते एवढे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस अचानक घामाघूम झाला, थरथरू लागला, चिडला, बरळू लागला, तर यंत्र हाताशी नसल्यास साखर उतरली असे धरूनच चाला. आधी साखरपाणी, मग जेवण. तिळगूळ वा पेढा त्या क्षणी कामाचा नाही. त्यातल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात सावकाश चढते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि मदत मिळवा. शिवाय ताट समोर आल्याशिवाय गोळी घेऊ नका, भटकंतीच्या दिवशी तर नाहीच. जास्त चालणे असेल, तर मात्रेबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

आता तिथी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. १०८ ची रुग्णवाहिका किनाऱ्यापर्यंत येईल; मधला पाण्याचा पट्टा मात्र समुद्राच्या मर्जीने ओलांडायचा. म्हणून रात्री होडी कधी निघू शकेल, हे जातानाच नाखव्याला विचारून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी घ्या आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. मच्छर तर दूर राहतातच, पण रात्री अंथरुणात शिरणाऱ्या मण्यारीपासूनही बचाव होतो. तिचा दंश बरेचदा जाणवतसुद्धा नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूतली पाखट बाजूला सरते. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, ठणका कमी होतो. मग डॉक्टरांकडे या.

बेटावर जरूर जा. आम्हीही दरवर्षी जातो. माझी बॅग आता सर्वांत आधी होडीत चढते, आणि साखरेचा डबा तो शिक्षक मित्र स्वतःच्या मांडीवर घेऊन बसतो.