मिठी नदी : राज्यांची हद्द व नदीची हद्द

शेताच्या बांधावरून तंटे कसे माजतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ओढ्याच्या कांठीं बांध पुढें सारणारा मनुष्य कोणाशीं तंटा मांडीत आहे, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून मुंबईच्या उपनगरांतील मिठी नदीचा वृत्तान्त येथें देत आहों.

ही नदी साष्टीच्या डोंगरांत उगम पावते. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांचें पाणी तिला मिळतें. पैकीं विहारचा तलाव १८६० सालीं पुरा झाला. तेथून मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना व धारावी यांच्या बाजूनें सुमारें १८ किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीस मिळते. वरच्या अंगास उतार पुष्कळ, खालीं भूमि सपाट व भरतीचें पाणी आंत चढणारें. अशा ठिकाणीं पुरास पसरावयास खाजण मोकळें असावें लागतें.

एके काळीं या नदीचें मुख हीच दोन राज्यांची सीमा होती. १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. खाडीच्या दक्षिणेस माहीमचा किल्ला इंग्रजांचा, तर उत्तरेस वांद्र्याचा पोर्तुगिजांचा. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. पुढें १८४५ त माहीम व वांद्रें रस्त्यानें जोडलीं गेलीं.

राज्यांची हद्द अशी पुसली गेली. पुराची हद्द मात्र पुसत नाहीं. कांठच्या खाजणांत भराव पडले, वस्त्या व कारखाने वाढले, विमानतळापाशीं पात्र वळविलें गेलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यांतच समुद्रास मोठी भरती. नदीनें आपली जुनी जागा परत घेतली. कुर्ला व कलिना जलमय होऊन फार प्राणहानि झाली. त्यानंतर पात्र रुंद व खोल करण्याचें खर्चाचें काम हातीं घ्यावें लागलें.

आमच्या शेतकरी बंधूंस विनंति इतकीच, कीं ओढ्याकांठची दोन हात जमीन नांगराखालीं घेण्यापूर्वीं मोठ्या पुराची खूण कोठें आहे हें गांवांतील वृद्धांस विचारावें, बांध तिच्या अलीकडे घालावा व पलीकडे गवत आणि झाडें राखावीं. त्यांत धान्याचे कांहीं पायली कमी होतील. परंतु शेताची माती शेतांतच राहील.